सांदवाडीतील मांडव

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात नागभीड येथे केलेले भाषण)



संमेलनाच्या चालकांनी विवाहसमारंभ या विषयावर चार शब्द बोलण्याची आम्हांस आज्ञा केली, तेव्हा आम्ही प्रथम नकारच दिला होता. या विषयावर आजवर आपल्या व्यासपीठावरून पुष्कळ भाषणे झाली आहेत. वक्ता काटकसरीचा उपदेश करतो, श्रोते माना डोलावतात, आणि घरी परतताच कार्यालयाचा विसार देऊन येतात. आम्ही स्वतः त्या मान डोलावणाऱ्यांपैकीच एक होतो, ही गोष्ट प्रारंभीच कबूल केलेली बरी. म्हणून आज आम्ही उपदेश करणार नाही. आमच्या घरी दोन कन्यांची लग्ने झाली, एक कार्यालयात आणि दुसरे घरामागच्या सांदवाडीत. त्या दोहोंचा हिशेब आपणांपुढे ठेवावा आणि त्यावरून मंडळापुढे एक सूचना मांडावी, एवढाच आमचा हेतू आहे.

थोरल्या मुलीचे लग्न २०१२ साली झाले. जवळच्या एका मोठ्या गावी कार्यालय घेतले होते. मांडवाची, रोषणाईची, स्वयंपाकाची आणि वाढपाची सर्व व्यवस्था मक्त्याने दिलेली होती. आम्हांस काही करावे लागले नाही, आणि हेच त्यातले सुख असे त्या वेळी वाटले. पाहुणे किती येतील हे कोणी विचारले नाही, म्हणून आम्हीही मोजले नाही. अक्षता पडताच मंडळी जेवणाकडे वळली आणि मुलगी बोहल्यावर उभी असतानाच अर्धे वऱ्हाड पांगले. रात्री कार्यालय रिकामे करून देण्याची वेळ झाली, तेव्हा उरलेला भात बाहेर ओतलेला आम्ही पाहिला. धान पिकविणाऱ्या माणसाने तो देखावा विसरावा म्हटले तरी विसरता येत नाही. त्या लग्नापायी बांधीचा एक तुकडा गहाण पडला. तो सोडवावयास सात वर्षे लागली. मुलगी सुखात आहे. परंतु माहेरी आली की ती त्या बांधीकडे पाहत नाही, हे आमच्या ध्यानात आल्यावाचून राहिले नाही. आपल्या लग्नाने बापाची जमीन अडकली, हे ओझे कोणत्याही लेकीच्या शिरावर असू नये.

येथे कोणी म्हणेल की, शेतकऱ्याच्या कर्जाचे खापर लग्नावर फोडण्याची ही जुनीच रीत आहे. हा आक्षेप आम्हांस मान्य आहे. १८७५ साली पुणे जिल्ह्यातील सुपे येथून सावकारांविरुद्धचे दंगे उसळले. त्यांची चौकशी करणाऱ्या आयोगानेही असेच म्हटले होते की, शेतकऱ्याच्या कर्जाचे कारण म्हणून लग्नखर्चाला वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते, कारण असे प्रसंग त्याच्या आयुष्यात वरचेवर येत नाहीत. ते खरेच आहे. पाऊस दगा देतो, धानाला भाव मिळत नाही, आजारपण निघते, आणि माणूस कर्जात बुडतो. यांतले पुष्कळसे आपल्या हातचे नाही. परंतु लग्नाचा खर्च मात्र आपल्या हातचा आहे. जे आपल्या हातचे नाही त्यासाठी सरकारदरबारी भांडावे आणि जे हातचे आहे ते आपणच आवरावे, यात विसंगती नाही.

साध्या विवाहाचा विचार महाराष्ट्रास नवा नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी पुण्यास सत्यशोधक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षी २५ डिसेंबर रोजी त्या पद्धतीचा पहिला विवाह लावला गेला. सावित्रीबाईंनी त्यात पुढाकार घेतला होता. भटजी नाही, हुंडा नाही, आणि खर्च अगदी अल्प. आपल्या भागापुरते बोलावयाचे तर राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांचे नाव पुढे येते. चिमूर परिसरातील अरण्यात त्यांनी साधनेची वर्षे घालविली, आणि १९५५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रामगीतेत गावाच्या इतर प्रश्नांबरोबर लग्नातील उधळपट्टीचाही समाचार घेतला. त्यांचे भजन आपण खंजिरीवर म्हणतो. परंतु लग्न ठरले की ग्रामगीता फडताळात जाते आणि कार्यालयाचा दरफलक बाहेर येतो.

मग २०२० साली महामारी आली. सरकारी आज्ञेने लग्नास प्रथम ५० माणसांची मर्यादा पडली, आणि २०२१ च्या एप्रिलात तर २५ माणसे व दोन तास एवढ्यावर गोष्ट आली. त्या दोन वर्षांत आपल्या ज्ञातीत अनेक लग्ने घरच्या अंगणात आणि सांदवाडीत लागली. त्यांतील एकही विवाह कमी पवित्र ठरला नाही, आणि कोणाची सोयरीकही तुटली नाही. मर्यादा उठताच आपण पुन्हा पूर्वपदावर गेलो. शहाणपण आपणांस आले होते, पण ते हुकुमाने आलेले होते. हुकूम गेला तसे तेही गेले. धाकटीचे लग्न ठरले तेव्हा आम्ही उभयतांनी ठरविले की, हे लग्न कोणाच्या हुकुमाशिवाय घरीच करावयाचे.

आता सांदवाडीविषयी. आपल्या झाडीपट्टीत घराच्या मागील अंगास कुंपण घातलेली जी मोकळी जागा असते तिला आपण सांदवाडी म्हणतो. इतरत्र तिला परसू म्हणतात. तिच्यात विहीर, चार फळझाडे, वांगी-मिरच्यांचे वाफे, वालाचा वेल, कोपऱ्यात तणसीचा ढीग आणि गुरांचा गोठा असतो. वर्षातले अकरा महिने ती राबते. बाराव्या महिन्यात तिला एक दिवस मांडवाचा मान द्यावा, एवढी ती खास मोठी असते. आमच्या लहानपणी सर्वच लग्ने तेथे होत. नागपूरकडील वऱ्हाड छोट्या रेल्वेने नागभीड स्थानकावर उतरे आणि तेथून बैलबंड्यांनी गावोगाव जाई. ती गाडी २०१९ च्या नोव्हेंबरात मार्ग रुंद करण्यासाठी बंद झाली, आणि बंड्या तर त्याआधीच गेल्या होत्या.

परंतु जुने ते सर्व सोने होते असे आम्ही म्हणणार नाही. त्याच सांदवाडीत पंगती वेगवेगळ्या बसत. मांडवाचे बांबू ज्यांनी वाहिले, वाजंत्री ज्यांनी वाजविली, त्यांचे पान कुंपणापलीकडे वाढले जाई. काहींच्या पदरात तर नुसते उरलेसुरले पडे. आमच्या वडिलांनी तसे वाढले आहे आणि आम्ही लहानपणी ते पाहिले आहे. तेव्हा घरच्या लग्नाकडे परतावयाचे ते त्या कुंपणासकट परतावयाचे नाही, ही गोष्ट आम्ही आरंभापासून मनाशी पक्की केली होती. ती पुढे कितपत साधली, हे ओघाने येईलच.

घरच्या लग्नाची योजना हे भावनेचे काम नसून हिशेबाचे काम आहे. मक्तेदार ज्या गोष्टींचा विचार करतो त्या सर्वांचा विचार येथे यजमानास करावा लागतो. आम्ही केला तो क्रमाने सांगतो.

पहिली गोष्ट तिथीची. पंचांग शुभ दिवस सांगते. परंतु शेजाऱ्यांची सवड पंचांगात छापलेली नसते. आपल्याकडे धान घरी आल्यावर माघ-फाल्गुनात थोडी उसंत मिळते. त्यानंतर मोहफुले पडू लागतात आणि पहाटेपासून घरेच्या घरे रानात जातात. उन्हाळ्यात तेंदूपानांचा हंगाम येतो. त्या दिवसांत भूमिहीन शेजाऱ्याला मांडवाच्या मदतीस बोलाविणे म्हणजे त्याची वर्षाची नगद मिळकत बुडविणे होय. शिवाय वैशाखाचे ऊन आहेच. शेजारच्या ब्रह्मपुरीचे नाव उन्हाळ्यात देशातील अतितप्त गावांच्या यादीत वरचेवर झळकते. म्हणून आम्ही भटजींस सांगितले की, मोहफूल पडण्यापूर्वीचा मुहूर्त काढा आणि तो सकाळचा काढा.

सकाळचा मुहूर्त मागण्यास आणखी एक कारण होते. आपला तालुका ब्रह्मपुरी वनविभागात येतो. घोडाझरीचे रान २०१८ साली अभयारण्य झाले. वाघ आता आपल्या रस्त्यांवरही दिसतो. रात्रीची वरात आणि पहाटे पायी परतणारी मंडळी हा आनंद आता जोखमीचा झाला आहे. सकाळी लग्न लागले, दुपारी पंगती उठल्या आणि दिवसाउजेडी पाहुणे घरी पोचले, म्हणजे यजमानाने सुखाने पाठ टेकावी. रात्री दहानंतर ध्वनिवर्धक लावू नये असा २००० सालापासून नियम आहे, तोही मग आपोआप पाळला जातो.

दुसरी गोष्ट संख्येची. आमच्या सांदवाडीत मांडवाला ६० फूट लांब आणि ४० फूट रुंद जागा निघाली. एका पानास दोन फूट धरले आणि दोन्ही टोकांस वावरण्यापुरती वाट सोडली, तर एका ओळीत २५ पाने बसतात. समोरासमोर बसणाऱ्या दोन ओळी आणि मधून वाढप्यांची वाट मिळून १२ फूट लागतात. म्हणजे ४० फुटांत सहा ओळी, एका पंगतीस १५० पाने. दोन पंगतींत ३०० माणसे जेवतात. तिसरी पंगत आम्ही योजनेतूनच काढून टाकली. भगिनींना कारण सांगावयास नको. तिसऱ्या पंगतीत नेहमी तीच माणसे बसतात: स्वयंपाक करणाऱ्या बाया, पाणी वाहणारी पोरे आणि मांडव घालणारे गडी. त्यांच्या पानावर भात गार झालेला असतो आणि बुंदी संपलेली असते. ज्यांच्या हातांनी कार्य पार पडले त्यांना शेवटी बसविणे ही रीत आम्हांस मोडावयाची होती. म्हणून संख्या ३००, दीडशे आमची आणि दीडशे वरपक्षाची.

ही संख्या व्याह्यांस कळविण्यास आम्ही त्यांच्या घरी गेलो. ते भले गृहस्थ आहेत, परंतु ऐकताच त्यांचा चेहरा उतरला. ते म्हणाले, "इवाई, आमच्याकडले पाचशे लोक येतीन. तुमच्या सांदवाडीत बसतीन काय?" आम्ही म्हणालो, "बसतीन, पण तीनदा उठाबशा कराव्या लागतीन." ते हसले नाहीत. पैशाची अडचण असेल तर कार्यालयाचे अर्धे भाडे आपण देऊ, असेही त्यांनी सुचविले. हा मोठेपणा होता. परंतु तो स्वीकारला असता तर उरलेल्या अर्ध्यासाठी आम्हांस पुन्हा त्याच बांधीचा कागद काढावा लागला असता. आम्ही थोरलीच्या लग्नाची सर्व हकीकत त्यांच्यापुढे ठेवली. अशा गोष्टी व्याह्यांपासून लपविण्याची आपली रीत आहे. आम्ही ती लपविली नाही, आणि त्याचा परिणाम आम्हांस वाटला होता त्याच्या उलट झाला. ते बराच वेळ गप्प राहिले आणि मग म्हणाले की, आपल्या पोरीच्या वेळी आपणही अडीच एकर गहाण टाकले आहे, आणि ते घरी कोणास ठाऊक नाही. त्या दिवशी दीडशेचा आकडा ठरला, आणि मांडव व भोजनाचा खर्च उभयपक्षी निम्मा वाटून घ्यावयाचा हेही ठरले. बंधूंनो, आपण दोन्हीकडचे बाप एकमेकांच्या भीतीने कर्ज काढतो आणि दोघेही एकमेकांस सुखी समजतो. कायद्याने हुंडा १९६१ सालीच बंद केला आहे. परंतु ही भीती कोणत्याही कायद्याने बंद होणार नाही. ती समोरासमोर बसून बोलल्यानेच जाते.

तिसरी गोष्ट मांडवाची. बांबू आमच्याच बांधावरच्या बेटातून निघाले. शेतातला बांबू तोडून नेण्यास पूर्वी परवान्याची यातायात असे. २०१७ साली वन कायद्यात दुरुस्ती होऊन वनाबाहेरील बांबू 'वृक्ष' या व्याख्येतून वगळण्यात आला, तेव्हापासून ती अडचण दूर झाली. रानातील लाकूड मात्र परवानगीवाचून आणू नये. लग्नाच्या आदल्या दिवशी वनरक्षक दारी उभा राहावा यासारखी नामुष्की नाही. मुहूर्तमेढ रोवून त्यावर बांबूचा सांगाडा बांधला आणि जांभळाच्या डहाळ्यांनी आच्छादला. पानांच्या छपराखाली उन्हाचा ताप जाणवत नाही. कापडी छताखाली माणूस उकडून निघतो.

चौथी गोष्ट अग्नीची, आणि हिच्याकडे सर्वांत अधिक दुर्लक्ष होते. फाल्गुनात तणस वाळून कोळ झालेली असते आणि दुपारी वारा सुटतो. एक ठिणगी उडाली तर मांडव, गोठा आणि शेजाऱ्याचे घर एका घटकेत भस्म होईल. आम्ही लग्नाच्या आठ दिवस आधी तणसीचा सर्व ढीग शेतावर हलविला. चूल जमिनीत चर खणून केली, ती मांडवापासून दूर आणि वाऱ्याच्या खालच्या अंगास. जवळ पाण्याचे दोन पिंप आणि वाळूचा ढीग ठेवला, आणि दोन तरुणांस दुसरे कोणतेही काम न देता केवळ चुलीवर लक्ष ठेवावयास सांगितले. आसपासच्या झाडांवर आग्या मोह नाही, हेही पाहून घेतले. धुराने चवताळलेल्या माश्या पंगतीवर उतरल्या म्हणजे काय होते, हे ज्यांनी पाहिले आहे ते दुसऱ्यांदा विसरत नाहीत.

पाचवी गोष्ट पाणी आणि अन्न. पिणे, स्वयंपाक आणि हातधुणे मिळून माणशी दहा लिटर पाणी धरले, म्हणजे तीन हजार लिटर. विहिरीचा उपसा आदल्या दिवसापासून सुरू केला. भात जेवणाऱ्या आपल्या मुलखात शंभर पानांस पंधरा किलो तांदूळ पुरतो, असा आमच्या घरच्या सुगरणींचा अंदाज होता आणि तो खरा ठरला. ४५ किलो तांदूळ, १५ किलो तूरडाळ, आलू-वांग्याची भाजी, कढी, वडे आणि बुंदी. तांदूळ आमच्या बांधीतला, एचएमटी वाणाचा. हा वाण १९८३ साली आपल्याच तालुक्यातील नांदेड या गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी आपल्या शेतातील वेगळ्या दिसलेल्या लोंब्या निवडून सिद्ध केला. थोड्याशा जमिनीवर राबणाऱ्या त्या माणसाने देशाला तांदूळ दिला आणि २०१८ साली तो हे जग सोडून गेला. ते आपल्या ज्ञातीचे नव्हते. परंतु त्यांच्या तांदळावाचून आज आपल्या ज्ञातीची क्वचितच एखादी पंगत उठत असेल. हे वाक्य आपण लक्षात ठेवावे. त्याचे काम पुढे पडणार आहे.

पत्रावळी पळसाच्या. थर्माकोलच्या पत्रावळींवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे, आणि बंदी नसती तरी गाईच्या पोटात जाणारी वस्तू सांदवाडीत आणावयाची नव्हती. मात्र येथे एक सावधगिरी हवी. पळस फुलावर येतो तेव्हा त्याची पाने झडलेली असतात. लग्न फाल्गुनात असेल तर पाने हिवाळ्यातच तोडून टाचून ठेवावी लागतात. आमच्या वस्तीतील चार वृद्ध बायांनी पौषापासून पत्रावळी आणि द्रोण लावले, आणि त्यांची मजुरी आम्ही रोख दिली. शेजारधर्म म्हणून फुकट राबवून घेणे ही जुन्या लग्नांतील दुसरी वाईट रीत होती.

सहावी गोष्ट संकोचाची म्हणून कोणी बोलत नाही. तीनशे माणसांत निम्म्या स्त्रिया. त्यांच्यासाठी शौचालयाची सोय काय? आमच्या घरी एक होते. शेजारच्या पाच घरांनी आपापले मोकळे करून दिले, दारावर खडूने खूण केली आणि प्रत्येक ठिकाणी एक मुलगी पाण्याच्या व्यवस्थेस ठेवली. शेजाऱ्यांवाचून घरचे लग्न होत नाही, याचा पहिला धडा आम्हांस या दारांनी शिकविला.

शेवटची गोष्ट कायद्याची. १९९८ च्या महाराष्ट्राच्या अधिनियमाप्रमाणे विवाहाची नोंद ९० दिवसांच्या आत करावयाची असते. गावी ती ग्रामपंचायतीत होते. वधूचे वय १८ आणि वराचे २१ पूर्ण असावे लागते. २०२४ साली सर्वोच्च न्यायालयानेही असे बजावले की, हिंदू विवाह हा नाचगाणे आणि खाणेपिणे यांचा प्रसंग नसून संस्कार आहे, आणि तो विधिपूर्वक झाला पाहिजे. कार्यालयाच्या पावतीने विवाह सिद्ध होत नाही.

अशा रीतीने आमची योजना सर्वांगपरिपूर्ण झाली आहे असे आम्हांस वाटले. आणि नेमकी जी गोष्ट योजनेत नव्हती तीच घडली.

२०२३ च्या फाल्गुनातला तो दिवस. सकाळी अक्षता पडल्या. पहिली पंगत निर्विघ्न उठली. दुसऱ्या पंगतीची पाने मांडली, भात वाढला, आणि पश्चिमेकडून आभाळ काळेभोर होऊन आले. अवकाळीचे वादळ चढण्यास पाव घटकाही लागली नाही. वाऱ्याने मांडवाची एक बाजू उचलली, डहाळ्या पानांवर कोसळल्या, आणि टपोऱ्या थेंबांबरोबर गाराही पडू लागल्या. चुलीवरच्या दोन तरुणांनी प्रथम चूल विझविली. त्यांच्या त्या शहाणपणाचे ऋण आम्ही जन्मभर मानू. परंतु दीडशे माणसे, त्यांत लेकरे आणि म्हातारीकोतारी, जाणार कोठे? आमच्या घरात साठ-सत्तर शिरली.

सांदवाडीच्या मागच्या कुंपणापलीकडे बौद्ध बांधवांची चार घरे आहेत. १९५६ च्या ऑक्टोबरात १४ तारखेला नागपूरला आणि १६ तारखेला चांद्याला बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, तेव्हा त्या घरांतील वडील मंडळी चांद्यास गेली होती. त्यांना आम्ही निमंत्रण दिले होते आणि ते आलेही होते. परंतु खरे सांगावयाचे तर आपले वयोवृद्ध पाहुणे त्यांच्याशेजारी बसतील की नाही, या धास्तीने आम्ही त्यांना ओळीच्या अगदी टोकाला बसविले होते. कुंपण पाडावयाचे म्हणून आम्ही मोठ्या निश्चयाने निघालो होतो. प्रत्यक्षात आम्ही ते फक्त थोडे सरकविले होते.

त्या घरांतील तरुणांनी कुंपणाची काटेरी फांजर ओढून बाजूस टाकली आणि भिजणाऱ्या मंडळींस हाका मारल्या. आमचे एक चुलते, वय ऐंशीच्या पुढे, गारांत उभे होते आणि हलत नव्हते. त्या घरची वृद्ध गृहिणी डोक्यावर सूप धरून बाहेर आली आणि म्हणाली, "काकाजी, आत या ना. गारा काही जात पाहून पडत नाहीत." चुलते आत गेले. शंभराच्या आसपास माणसे त्या चार घरांत सामावली. वादळ अर्ध्या तासात ओसरले. आमच्या मांडवातला भात चिखल झाला होता, पातेल्यातला मात्र झाकणाखाली सुरक्षित होता. तो त्या घरांच्या पडवीत नेला आणि दुसरी पंगत तेथेच बसली, ज्याला जेथे जागा मिळाली तेथे. वाढावयास त्या घरच्या सुना होत्या. चुलत्यांनी क्षणभर पानाकडे पाहिले. मग त्यांनी "कढी वाढ माय" एवढेच म्हटले आणि जेवले. तांदूळ दादाजींचा, पाने पळसाची, छप्पर शेजाऱ्यांचे. आमचे त्यात काय होते, असा प्रश्न त्या वेळी आम्ही स्वतःस विचारला.

धाकटीच्या लग्नाचा खर्च थोरलीच्या लग्नाच्या चौथ्या हिश्श्याहून कमी झाला. गहाणाचा कागद झाला नाही. परंतु आम्ही आपणांस सांगावयास आलो ते केवळ एवढे नव्हे. कार्यालयात वादळ झाले असते तर पक्क्या छपराखाली कोणी भिजले नसते, हे खरे आहे. पण मग शेजाऱ्याचे दार उघडावयाची गरजही कोणास पडली नसती. जेथे पैशाने सर्व विकत मिळते तेथे माणसांची गरज उरत नाही. आणि ज्यांची आपणांस गरज नाही त्यांना आपण हळूहळू ओळखेनासे होतो. आम्ही शेजाऱ्यांस टोकाला बसविले, याची लाज आम्हांस त्या दिवशी वाटली. ती लाज वाटली हाच त्या लग्नाचा मोठा लाभ, असे आम्ही मानतो.

आता सूचना. मंडळाने ज्ञातीच्या स्वतंत्र मंगल कार्यालयासाठी निधी उभारण्याचे योजिले आहे. देणगीदारांची भावना उदात्त आहे, यात शंका नाही. तथापि आमची नम्र विनंती अशी की, या निधीतून इमारत न बांधता प्रथम सामायिक साहित्य घ्यावे: तीनशे माणसांच्या स्वयंपाकाची पातेली आणि कढया, पाण्याची पिंपे, बसावयाच्या पट्ट्या, आग विझविण्याची साधने, आणि आमच्या अनुभवावरून सांगतो, वादळाला टिकणाऱ्या ताडपत्र्या व दोर. हे साहित्य नागभीड, तळोधी, सिंदेवाही, ब्रह्मपुरी अशा ठिकाणी वाटून ठेवावे आणि नाममात्र भाड्याने द्यावे. ज्याच्या घरास सांदवाडी नाही अशा बांधवाच्या कार्यासाठी शेजाऱ्याने आपली सांदवाडी द्यावी, असा ठराव करावा. दुसरे, मंडळाने ३०० पानांची मर्यादा स्वतःहून जाहीर करावी आणि ती प्रथम मंडळाच्या पदाधिकाऱ्यांनी आपल्या घरी पाळावी. जो श्रीमंत आहे त्यानेच आधी पाळावी. गरिबाने पाळली तर ती त्याची गरिबी समजली जाते.

तिसरी सूचना काहींना रुचणार नाही, तरी ती केल्यावाचून आम्ही खाली बसणार नाही. हे साहित्य कोणत्याही ज्ञातीच्या माणसाने मागितले तर त्याला त्याच भाड्याने द्यावे. आपली संस्था ज्ञातीची आहे हे आम्ही जाणतो. ज्ञातीच्या हितासाठीच ती निघाली. परंतु ज्या दिवशी आमच्या मांडवाचे छप्पर उडाले, त्या दिवशी आमच्या ज्ञातीचे शंभर जीव ज्यांच्या छपराखाली सुरक्षित राहिले, त्यांच्या लेकीच्या लग्नास आम्ही आमचे पातेले नाकारणार काय? या प्रश्नाचे उत्तर मंडळाने ठरावाने द्यावे.

आमच्या सांदवाडीचे मागचे कुंपण त्या दिवशी जेथे मोडले, तेथे आम्ही पुन्हा फांजर लावली नाही. एक फाटक केले आहे. गुरे येऊ नयेत म्हणून ते लोटलेले असते, पण त्याला कडी नाही. येत्या माघात पलीकडच्या घरी लग्न आहे. मांडवास आमची जागा मागितली आहे, आणि आम्ही होकार दिला आहे. मंडळाने साहित्य तोवर घेतले तर उत्तम. न घेतल्यास आमच्या घरची पातेली आहेतच.